ठेंगणं आभाळ

मिस्त्रीने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली, की ती ठेवली तिथेच बसून राहायची. न्हाणीघरात तेवढी ती आपणहून जाळीकडे निघायची, कारण तिथे उतार हवाच. बाकी घरभर त्याला सूतभर फरक खपत नसे. एका घरमालकिणीने चालेल हो म्हटल्यावरही त्याने बसवलेल्या अकरा फरशा उखडल्या होत्या आणि वर तिलाच ऐकवलं होतं, की बाई, तुम्हाला चालेल, पाण्याला चालणार नाही. असा हा माणूस पोटच्या पोरीच्या बाबतीत मापात पाप करेल असं कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. पण त्याने ते केलं. एकदा नव्हे, सात आठवडे केलं, आणि तेही गुडघे टेकून.

पोरीला घरात पिपाणी म्हणत. पोट आणि छाती यांच्यामध्ये श्वासाचा जो पडदा असतो, त्याला डावीकडे भोक घेऊनच ती जन्मली होती. त्या भोकातून आतडी वर छातीत चढून बसलेली, त्यामुळे डाव्या फुफ्फुसाला वाढायला जागाच उरली नव्हती. तिसऱ्या दिवशी सर्जनबाईंनी आतडी खाली घेतली आणि भोकावर ठिगळ लावलं. पुढे चौतीस दिवस ती काचेमागे नळ्यांच्या जंजाळात पडून होती. घरी आली तेव्हा तिचा श्वास शिटी वाजवत यायचा, म्हणून बापाने नाव ठेवलं पिपाणी. आईला ते वर्षभर आवडलं नाही, मग कधीतरी तिच्याही तोंडी बसलं.

त्या काळात सर्जनबाई बाळाच्या छातीवर दोन बोटं ठेवून त्यावर टकटक करत, तेव्हा मिस्त्रीला फार धीर यायचा. तोही फरशी बसवली की माल थापायच्या करणीच्या दांड्याने चारी कोपरे वाजवून बघायचा. खाली माल नीट भरला नसेल तर फरशी पोकळ वाजते. बाईंना आपल्यासारखंच काम येतं, एवढ्यावरच त्याचा त्यांच्यावर विश्वास बसला होता.

आता पिपाणी आठ वर्षांची होती. बोलण्यात पटाईत, गणितात आईला हरवणारी आणि जिन्याच्या बाराव्या पायरीवर मटकन बसणारी. वर्षभरात ती डावीकडे कलायला लागली होती. डावा खांदा उतरलेला आणि कोपर कायम जुन्या टाक्यांवर दाबून धरलेलं, जणू तिथून काही सांडेल. सर्जनबाईंनी चित्र काढून समजावलं, पण आईला चित्राची गरज पडली नाही. ती दप्तरं शिवायच्या कारखान्यात होती. पोर वाढते आणि ठिगळ वाढत नाही, एवढं तिला पहिल्याच वाक्यात कळलं.

बाईंनी काहीही लपवलं नाही. बारा आठवडे व्यायाम करायचा. डावी बाजू ताणली जाऊन छाती उघडली आणि दम वाढला, तर ठिगळ आहे तसं ठेवता येईल. नाहीतर पुन्हा उघडून मोठं लावावं लागेल. मात्र या फुफ्फुसांना पुन्हा भूल द्यायची म्हणजे विषाची परीक्षा. "टेबलावरून ती परत येईलच, असं मी लिहून देणार नाही," त्या म्हणाल्या. 

व्यायाम म्हणजे डोळ्यांवर चढवायचा एक डबा आणि दोन्ही हातांत धरायची एकेक बटणांची मूठ. दवाखान्यात त्याला व्हीआर म्हणत, घरी डबाच. डबा चढवला की पिपाणी एका माळावर उभी असायची आणि डोक्यावर ढग लोंबत असायचे. श्वास आत घेत हात उंच करायचा, ढग बाजूला सारायचा, श्वास सोडत हात खाली आणायचा. डावे ढग डाव्या हाताने, उजवे उजव्या. एका टेकडीवरचे ढग संपले की जागच्या जागी पावलं टाकत पुढच्या टेकडीवर जायचं. अशा सहा टेकड्या. शेवटी ऊन पडायचं आणि टाळ्या वाजायच्या. नुसता हात वर कर म्हटलं तर तोंड फिरवणारी पोर ढगांवर मात्र तुटून पडायची.

सुरू करण्याआधी दर वेळी माप द्यावं लागे. ताठ उभं राहायचं, दोन्ही हात जातील तेवढे वर न्यायचे, की डबा त्या उंचीच्या किंचित वर ढग टांगायचा. पिपाणी त्याला आभाळ लावणं म्हणायची. पहिले पाच आठवडे हे सगळं दवाखान्यात, व्यायामवाल्या ताईंच्या देखरेखीखाली झालं. ताई कडक होत्या. पोरीला धाप लागली तर थांबू द्यायच्या, पाणी द्यायच्या आणि पुन्हा उभी करायच्या. पाच आठवड्यांनी सहा मिनिटं चालण्याच्या परीक्षेत पिपाणी तीनशे ऐंशीवरून चारशे दहा मीटरवर गेली. तेव्हा ताईंनी डबा पेटीत घालून घरी दिला आणि मिस्त्रीला सांगितलं, की आता तुम्हीच माझ्या जागी.

आईची पाळी संध्याकाळची, म्हणून हे काम बापाकडे आलं. त्याने खोलीतलं सामान भिंतीला सारलं, जमिनीवर खडूने चौकोन आखला, तोही काटकोनात. पण पहिल्याच दिवशी पोरीला सर्दी होती. पहिल्या टेकडीवर तिचे तीन ढग राहिले, दुसरीवर पाच. तिसरीवर तिचे ओठ निळसर झाले. खोल गेलेल्या बरगड्या फ्रॉकमधूनही दिसत होत्या. ताई म्हणाल्या असत्या, थांब, पाणी पी, पुन्हा. मिस्त्रीच्या तोंडून ते ‘पुन्हा’ काही निघेना. पिपाणीने डबा काढला, जमिनीवर बसली आणि श्वास जमेल तसं विचारलं, "बाबा, मी नापास झाले का?"

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्याने गुडघ्यांवरच्या गाद्याही सोडल्या नाहीत. फरशीवाल्याचा जन्मच गुडघ्यांवर जातो. पोरीला म्हणाला, तू दमू नकोस, माप मी देतो. डबा स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि गुडघ्यांवर उभा राहिला. पोरीचा हात कुठवर पोहोचतो ते त्याने आधी टेपने मोजून ठेवलं होतं. त्या मापाच्या चार बोटं खाली त्याने आपले हात थांबवले. डब्याला बिचाऱ्याला काय कळणार, त्याने मुकाट्याने आभाळ तिथे टांगलं.

त्या दिवशी पिपाणीने सहाही टेकड्यांवरचे सगळे ढग काढले. टाळ्या वाजल्यावर ती नाचली, दोन उड्या मारल्या, खोकली, पुन्हा नाचली. आई घरी आली तेव्हा दारातच तिला बातमी मिळाली आणि ती चप्पल न काढता हसत उभी राहिली. ते हसू मिस्त्रीने किती महिन्यांनी पाहिलं होतं. सर्दी उतरली की आभाळ हळूहळू वर नेऊ, असं त्याने मनाशी ठरवलं. ठरवायला काय जातं?

सर्दी चार दिवसांत उतरली. पाचव्या दिवशी त्याने आभाळ दोन बोटं वर नेलं, तर पोरीचे चार ढग राहिले आणि तिचा चेहरा पडला. सहाव्या दिवशी ते पुन्हा खाली आलं. मग ते खालीच यायला लागलं, कारण ताणायची गरज उरली नाही तसं पोरीचं अंग आणखी मिटत गेलं. चार बोटांची सहा झाली, सहाची वीत. रोज टाळ्या वाजत होत्या. रोज बायको हसत होती. आपण काय करतोय हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ज्याच्या हातात जन्मभर सपाटी तपासायची पाणसळ राहिली, त्याला खोलगट भाग दिसत नाही? दिसत होता. तो तिकडे बघत नव्हता, एवढंच.

बारा आठवडे संपले. दवाखान्याच्या लांब बोळात परीक्षा झाली. दोन्ही टोकांना शंकू ठेवलेले, ताईंच्या हातात घड्याळ, आणि मध्ये डाव्या बरगड्या दाबून धरलेली पिपाणी. पहिल्या दोन फेऱ्या तिने जवळजवळ धावतच घेतल्या, कारण आपण आता पैलवान झालोय अशी तिची समजूत होती. चौथ्या मिनिटाला ती भिंतीला टेकली. सहा मिनिटांत तीनशे पंचेचाळीस मीटर. आकडा लिहिताना ताईंनी वर पाहिलं नाही.

सर्जनबाईंच्या खोलीत पडद्यावर घरची नोंद लावली होती. सात आठवडे, एकही खाडा नाही, शंभरातले सत्त्याण्णव ढग काढलेले. ताई म्हणाल्या की इतका नेमाने व्यायाम करून घेणारं दुसरं घर त्यांनी पाहिलं नाही. सर्जनबाईंनी मान हलवली. व्यायामात कसूर नाही आणि तरी दम घटतोय, याचा अर्थ ठिगळच ओढतंय. आता वाट बघण्यात अर्थ नव्हता. पुढच्याच आठवड्यात टेबलावर घ्यायचं. बायकोने डोळे पुसत ताईंचे आभार मानले.  कागद पुढे आला तेव्हा मिस्त्रीने सही केली, आणि ती सुद्धा रेघेवर नेटकी बसली.

मधले चार दिवस तो गप्प राहिला. बाई म्हणतात तर ठिगळ ओढतच असेल, आपल्यामुळे काय फरक पडणार होता, अशी स्वतःची समजूत घालून पाहिली. ती काही पटेना. खरं सांगायचं तर त्याला बायकोच्या तोंडावरचं हसू आठवायचं, ते आपण कुठून आणलं हेही आठवायचं. एका दिवाणखान्यात त्याने फरशी पुरी केली आणि सवयीने गोटी ठेवली. गोटी थोडा वेळ थांबली, मग निघाली आणि थेट भिंतीला जाऊन आपटली. तो तिथेच उकिडवा बसून राहिला. घरमालक येऊन झकास झालंय म्हणून गेला, तरी त्याने मान वर केली नाही.

भरती व्हायच्या दिवशी सकाळी पिपाणीला दवाखान्याचा ढगळ अंगरखा घातला. नर्सने मनगटावर पट्टी बांधली. आई औषधं आणायला खाली गेली होती. पलंगाच्या कठड्याला धरून पिपाणी बराच वेळ विचार करत होती. मग तिने बापाला जवळ बोलावलं.

"मी सगळे ढग काढले ना?"

"हो."

"मग मला का कापतायत? मी श्वास चुकीचा घेत होते का?"

मिस्त्री तिच्या मनगटावरची पट्टी उगाच सारखी करायला लागला.

"त्यांना सांग ना, मी परत करते. परत बारा आठवडे करते. या वेळी नीट करते."

आभाळ कोसळणं म्हणतात ते त्याला त्या पलंगापाशी कळलं. काचेमागच्या चौतीस दिवसांतही त्याला इतकं मरावंसं वाटलं नव्हतं. पोर स्वतःत चूक शोधत होती. तो उठला. सर्जनबाईंच्या खोलीपर्यंत गेला आणि दारातच, आत न जाता, बोलायला लागला. गुडघ्यावर कसा उभा राहिलो, हात कुठे थांबवले, चार बोटं, सहा बोटं, वीत. एखाद्या कामाची मापं सांगावीत तसं सांगत गेला, कारण दुसऱ्या कशा तऱ्हेने ते सांगता आलं नसतं.

सर्जनबाईंनी ताईंना बोलावलं. ताईंनी नोंदीचं शेवटचं पान उघडलं. तिथे रोजच्या उंचीचे आकडे होते, जिना उतरावा तसे उतरत गेलेले. ताईंचा चेहरा उतरला. सत्त्याण्णव बघून त्या इतक्या खूश झाल्या होत्या, की हे पान त्यांनी उघडलंच नव्हतं, हे त्यांनी आपणहून कबूल केलं.

सर्जनबाई रागावून ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्ही फरशी बसवता ना? खाली पोकळ ठेवून वरून फरशी लावली तर काय होतं?"

"वाजते," तो म्हणाला. "मग फुटते."

"मी आजचं ऑपरेशन थांबवते," बाई म्हणाल्या. "सहा आठवडे देते. गेलेले सात परत येत नाहीत, आणि उशीर केल्याने काही बिघडणारच नाही असंही नाही. सहा आठवड्यांनी फरक नसेल तर मात्र टेबलावर घ्यावंच लागेल. निदान तेव्हा मला खात्री असू दे, की दोष ठिगळाचा आहे."

त्याने ताईंना विनवलं, की डब्याला काहीतरी कुलूप लावा, माझ्या हातात माप ठेवू नका. ताई म्हणाल्या, कुलूप लागतं, पण पोर वाढते आहे, हात रोज वेगळा जातो, त्यामुळे माप रोजच घ्यावं लागेल आणि ते घरीच घ्यावं लागेल.

तो वळला तर मागे बायको उभी होती. हातात औषधांची पिशवी. केव्हापासून उभी होती देव जाणे. ती भांडली नाही, रडली नाही. "चौतीस दिवस काचेबाहेर उभी होते मी," ती म्हणाली. "तेव्हासुद्धा मला कुणी खोटं सांगितलं नव्हतं." मग ती पोरीचे कपडे बदलायला गेली, आणि पुढे कितीतरी दिवस मीठ दे, दार लाव यापलीकडे त्याच्याशी बोलली नाही.

पोरीला सांगायचं राहिलंच होतं. घरी आल्यावर दुपारी तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, की आभाळ मी खाली आणलं होतं. तिला आधी कळेना. मग त्याने गुडघ्यांवर उभं राहून, हात कसे धरले होते ते करून दाखवलं. पिपाणी त्या हातांकडे बघत राहिली.

"रोज?"

"पहिला दिवस सोडून."

तिने मनाशी काहीतरी जुळवलं. "म्हणजे नापास झाले होते, तेवढाच दिवस माझा," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवायला उठली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने कामाची पिशवी घरात उपडी केली. भिंतीवर खिळा ठोकून ओळंबा सोडला, तो थांबायची वाट पाहिली आणि त्याच्या दोरीवरून भिंतीवर सरळ उभी रेघ मारली. पिपाणीने त्या रेघेला पाठ लावून ताठ उभं राहायचं, डावा हात जाईल तेवढा वर न्यायचा. बोट टेकेल तिथे तो पेन्सिलीची आडवी रेघ मारणार. माप तीच डब्याला देणार, आणि डब्याचा आकडा भिंतीवरच्या रेघेशी जुळला तरच सुरुवात. डब्याला फसवता येतं, भिंतीला येत नाही, अशी त्याची समजूत होती.

खरं आभाळ फार उंच निघालं. पहिल्या दिवशी ती दीड टेकडी चढली आणि खडूच्या चौकोनात कोसळल्यासारखी बसली. श्वास पुन्हा शिटी वाजवायला लागला. मिस्त्री म्हणाला, थांब, पाणी पी. आणि मग म्हणाला, पुन्हा. तिने डब्यातून त्याच्या दिशेने तोंड वळवलं आणि ती उठली. ती हात उचलायची तेव्हा याचे हात आपोआप पुढे जायचे, म्हणून त्याने ओळंब्याची दोरी पंज्याभोवती गुंडाळून घेतली. तिसरी टेकडी येईपर्यंत दोरी इतकी आवळली जायची, की बोटं निळी पडायची. ती तशीच राहू द्यायचा.

पहिल्या आठवड्यात भिंतीवर सात रेघा असायला हव्या होत्या, पण त्या एकीवर एक अशा पडल्या, की एकच जाड रेघ दिसत होती. दुसऱ्या आठवड्यात एक रेघ अर्धं बोट खाली गेली. आई कामावरून आली की आधी भिंतीपाशी जायची, जवळून बघायची आणि स्वयंपाकाला लागायची. टाळ्या बंद झाल्या होत्या, कारण सहाव्या टेकडीपर्यंत कुणी पोहोचतच नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात पिपाणी कशीबशी चौथी टेकडी चढली आणि ओकली. तीन आठवडे उरले.

चौथ्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी ती रेघेला पाठ लावून उभी राहिली तेव्हा डोळे मिटून घेतले होते. कोपर टाक्यांवरून सोडवताना तोंड वाकडं झालं. हात वर गेला, अडला, आणखी थोडा गेला, थांबला. मिस्त्रीने पेन्सिल टेकवली. मनात काहीही नव्हतं, हे त्याने नंतर बायकोला शपथेवर सांगितलं. पण हात सूतभर वर सरकला आणि रेघ तिथे पडली. जुन्या जाड रेघेच्या वर, एकटी, स्वच्छ.

पिपाणी वळली. तिने रेघ पाहिली. मिस्त्रीला वाटलं, हसेल.

"माझं बोट इथे होतं," ती म्हणाली आणि जाड रेघेवर बोट ठेवलं.

तिने अंगठा जिभेला लावला, टाचा उंचावल्या आणि नवी रेघ पुसून टाकली. भिंतीवर काळपट डाग तेवढा उरला. मग बापाच्या हातातून पेन्सिल घेतली आणि सगळ्या रेघा होत्या तिथेच, वाकडीतिकडी, आपल्या हाताने एक रेघ मारली.

"ही खरी," ती म्हणाली. "आता डबा दे."